बंदूक जमा करा, पण कारण सांगून

निवडणूक जाहीर झाली की मुंबईच्या उपनगरांत एक ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. हद्दीतल्या शस्त्र परवानाधारकांना पोलीस ठाण्यातून निरोप जातो: हत्यार आणून जमा करा. मग मुलुंडचा निवृत्त अधिकारी, घाटकोपरचा सराफ, अंधेरीचा बांधकाम व्यावसायिक आणि बोरिवलीचा माजी नगरसेवक आपापलं रिव्हॉल्व्हर घेऊन ठाण्याची पायरी चढतात. हत्याराचा क्रमांक परवान्याशी ताडून पाहिला जातो, काडतुसं मोजली जातात आणि हातात पावती पडते. या पावतीबरोबर एक तक्रारही घरी येते. ती आता केवळ परवानाधारकांची राहिलेली नाही. सोसायटीच्या बैठकीत, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या गप्पांत, ज्यांनी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही असे लोकही ती मोठ्या हिरिरीने मांडतात.

तक्रार अशी. गुंड कधी आपला कट्टा पोलिसांकडे जमा करतो का? जमा करतो तो कायदा पाळणारा. म्हणजे निवडणुकीच्या धामधुमीत, जेव्हा भीती सर्वांत जास्त, तेव्हाच सरकार सज्जनाला निःशस्त्र करतं आणि दुर्जनाला मोकळं सोडतं. बाबा सिद्दीकींना मारणाऱ्यांनी परवाना काढला होता का? इंग्रजांनी आमची शस्त्रं काढून घेतली, आता आपलंच सरकार तेच करतंय. आज तात्पुरती जमा, उद्या कायमची जप्ती. अमेरिकेत आहे तसा शस्त्र बाळगण्याचा हक्क आपल्यालाही हवा.

यातला एक मुद्दा खरा आहे आणि त्यावर प्रशासनाला जाब विचारायलाच हवा. पण तो ज्या युक्तिवादाच्या खांद्यावर बसवून मिरवला जातो, तो युक्तिवाद उपनगरांच्या अलीकडच्या अनुभवापुढे टिकत नाही.

सुरुवात 'परवान्याची बंदूक निरुपद्रवी असते' या गृहीतकापासून करू. देशात बंदुकीने होणाऱ्या बहुतेक खुनांत बेकायदा हत्यारं वापरली जातात, हे खरं आहे. मुंबई-पुण्यात पकडली जाणारी पिस्तुलं जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या उमर्टीसारख्या गावांतून किंवा बिहारच्या मुंगेरहून येतात, हेही पोलिसांना आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यावरून परवान्याच्या बंदुकीला निर्दोष ठरवायचं असेल, तर फेब्रुवारी २०२४ चा पहिला आठवडा विसरावा लागेल.

२ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, कल्याण पूर्वचे तेव्हाचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेच्या शिंदे गटाचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. जमिनीचा वाद होता. प्रकरण न्यायालयात असलं तरी गोळ्या आपण झाडल्या, हे आमदारांनी स्वतः वृत्तवाहिनीला फोनवरून सांगितलं होतं. हत्यार परवान्याचं होतं. ज्या इमारतीत परवानाधारकांनी हत्यार जमा करायचं, त्याच इमारतीत ते चाललं.

सहा दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, बोरिवली पश्चिमेच्या आय. सी. कॉलनीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा फेसबुक लाइव्ह चालू असताना खून झाला. मारेकरी मॉरिस नोरोन्हाने नंतर स्वतःवर गोळी झाडून घेतली. पिस्तूल उमर्टीचं नव्हतं, मुंगेरचंही नव्हतं. ते परवान्याचं होतं. फक्त परवाना नोरोन्हाच्या नावावर नव्हता. तो होता त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर, उत्तर प्रदेशात काढलेला. मुंबई पोलिसांकडे त्या हत्याराची नोंद नव्हती, असं तपासात पुढे आलं. ज्याच्या हातात ते पडलं, तो बलात्काराच्या एका गुन्ह्यात तुरुंगात राहून जामिनावर सुटलेला माणूस होता.

हे प्रकरण नीट समजून घेतलं तर 'परवानाधारक विरुद्ध गुंड' ही सोयीची विभागणीच कोसळते. मुंबईत शस्त्र परवाना मिळवणं सोपं नाही. पोलीस आयुक्तालयात अर्ज, ठाण्याचा चौकशी अहवाल, जिवाला धोका असल्याचा पुरावा, एवढं करून नकार येण्याची शक्यता मोठी. मग ज्याला स्वतःला परवाना मिळत नाही, तो परवाना असलेला माणूस नोकरीला ठेवतो. उपनगरांत दुकानांच्या दारात, खासगी कार्यालयांत, छोट्यामोठ्या पुढाऱ्यांच्या मागेपुढे दिसणारे किती तरी बंदूकधारी रक्षक असेच आहेत. परवाना त्यांचा, गावाकडच्या जिल्ह्यातला, मिळालेला स्वतःच्या संरक्षणासाठी. आणि तो वापरला जातो दुसऱ्याची पत वाढवण्यासाठी. रक्षकाला पगार मिळतो तो त्याच्या अंगातल्या ताकदीपेक्षा त्याच्या बंदुकीमुळे. ही बंदूक भाड्याची आहे. आपलं परवान्याचं हत्यार दुसऱ्याच्या हाती देणं शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. पण गुन्हा नोंदला जातो तो माणूस मेल्यावर.

आता 'सज्जनाला निःशस्त्र करतात' या तक्रारीकडे पुन्हा पाहा. सरसकट आदेश निघतो तेव्हा ठाण्यातला हवालदार नोंदवही उघडतो आणि त्यातल्या नावांना फोन करतो. मुलुंडचा निवृत्त अधिकारी नोंदवहीत असतो, कारण त्याने नियम पाळला. बाहेरच्या राज्यातून आलेली, स्थानिक ठाण्याला न कळवलेली बंदूक नोंदवहीत नसते, म्हणून तिला फोनही जात नाही. सज्जन आणि दुर्जन यांच्यात भेदभाव होतो, ही तक्रार त्यामुळे अर्धवट आहे. भेद होतो तो नोंदवहीतल्या आणि नोंदवहीबाहेरच्या बंदुकीत, आणि नोंदवहीबाहेरच्या बंदुकांत परवान्याच्या बंदुकाही आहेत. परवानाधारकांच्या वतीने भांडणाऱ्यांनी हा भाग कधी मांडलेला मी ऐकलेला नाही.

दुसरा दावा स्वसंरक्षणाचा. पोलीस येईपर्यंत आपलं काय, हा प्रश्न भावनेला थेट भिडतो. पण बंदूक जवळ असली की माणूस वाचतो, हे गृहीत कुठून आलं? बाबा सिद्दीकींचंच उदाहरण घेऊ, कारण तेच सर्वांत जास्त दिलं जातं. १२ ऑक्टोबर २०२४, दसऱ्याची रात्र. वांद्रे पूर्वेला निर्मलनगरमध्ये मुलाच्या कार्यालयाबाहेर या माजी मंत्र्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वेळी त्यांच्याबरोबर पोलीस अंगरक्षक होता. शस्त्र चालवण्याचं प्रशिक्षण घेतलेला, त्याच कामासाठी नेमलेला माणूस शेजारी असून हल्ला टळला नाही. तीस वर्षं मागे जाऊ. ऑगस्ट १९९४ मध्ये वांद्र्यात भाजपचे तेव्हाचे मुंबई अध्यक्ष रामदास नायक यांच्यावर हल्ला झाला तेव्हाही अंगरक्षक सोबत होता. नायकांबरोबर तोही मारला गेला. सुपारी घेऊन येणारा मारेकरी वेळ, जागा आणि अंतर स्वतः ठरवतो. त्याला फक्त काही सेकंद लागतात. ज्याच्यावर हल्ला होतो त्याला त्या सेकंदांत आधी काय घडतंय ते कळायचं असतं, मग हत्यार काढायचं असतं, मग गर्दीत नेम धरायचा असतो. नव्वदच्या दशकात या उपनगरांनी असे हल्ले पुरेसे पाहिले आहेत. जानेवारी १९९७ मध्ये पवईत दत्ता सामंत, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अंधेरीत गुलशन कुमार. त्या टोळ्यांचा कणा मोडला तो पोलिसांच्या कारवाईने आणि मोक्कासारख्या कायद्याने. नागरिकांनी कमरेला रिव्हॉल्व्हरं लावली म्हणून एकही टोळी मागे हटलेली नाही.

बंदूक घरात असण्याची जोखीम मात्र रोजची असते. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे जुहूच्या घरी अभिनेते गोविंदा यांच्या पायात गोळी घुसली. परवान्याचं रिव्हॉल्व्हर हातातून निसटलं आणि गोळी सुटली, असं सांगण्यात आलं. सुदैवाने ते पायावर निभावलं. वर्षानुवर्षं जवळ असलेलं हत्यार, प्रौढ मालक, कुणी हल्लेखोर नाही, तरी गोळी सुटली. दोन खोल्यांच्या घरात, जिथे कपाटही सगळ्यांचं सामाईक असतं, तिथे भरलेलं रिव्हॉल्व्हर कुठे ठेवणार याचा विचार आपण करतो का?

कायदा स्वसंरक्षणाचा हक्क देतोच. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ त्यासाठीच आहेत, आणि त्याआधी दंडसंहितेत तीच तरतूद दीडशे वर्षांहून अधिक काळ होती. पण जीव वाचवण्यासाठी हाताशी येईल त्याचा वापर करण्याचा हक्क आणि त्यासाठी आधीपासून बंदूक बाळगण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी, बिगर-प्रतिबंधित शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो, असा निर्णय दिला होता. परवानाधारकांचा हा सर्वांत भक्कम आधार. पण पुढे त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो निर्णय मोडीत काढला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा शस्त्रांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हाही अमेरिकेप्रमाणे आपल्या घटनेत शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही, याची आठवण करून दिली.

इथे इतिहासाचा दाखला पुढे केला जातो, आणि तो अर्धा खरा असल्यामुळे जास्त फसवतो. लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८ चा शस्त्र कायदा अपमानकारक होता, कारण त्यातून युरोपियनांना सूट होती आणि भारतीयांना परवाना सक्तीचा. काँग्रेसने सुरुवातीच्या वर्षांतच त्याविरुद्ध आवाज उठवला. १९३१ च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. पण त्या ठरावातही तो नियमांच्या अधीन होता, हे सांगायचं लोक विसरतात. आणि घटना लिहिताना काय घडलं, तेही विसरतात. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामत यांनी घटना समितीत हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला स्पष्ट विरोध केला. ज्याला वाटेल त्याने बाजारात जाऊन हवी ती हत्यारं विकत घ्यावीत आणि राज्याने अडवू नये, असं झालं तर राज्यकारभार चालवायचा कसा, हा त्यांचा प्रश्न होता. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेत उरलं ते उलट तत्त्व: शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. म्हणजे स्वतंत्र भारताने हा प्रश्न विसरून सोडून दिला नाही. तो समोर आला, त्यावर चर्चा झाली आणि विचारपूर्वक नकार दिला गेला. गोऱ्यांना सूट आणि काळ्यांना परवान्याची सक्ती हा अन्याय होता. सर्वांना सारखा परवाना सक्तीचा, हा अन्याय नाही. दोन्हींना 'निःशस्त्रीकरण' असं एकच लेबल लावलं की तक्रार भारदस्त वाटते, खरी होत नाही.

'आज जमा, उद्या जप्त' ही भीतीही तपासून पाहू. भारतात अलीकडे खऱ्या अर्थाने जप्तीच्या जवळ जाणारी गोष्ट एकच घडली आहे. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरवलं आणि तिसरी वर्षभरात जमा करायला सांगितली. मूळ विधेयकात तर एकाच बंदुकीची मर्यादा होती. खासदारांनी विरोध केल्यावर ती दोनवर आली. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली, हे मात्र तक्रारीत ऐकू येत नाही. तिसऱ्या बंदुकीबद्दल एक रास्त आक्षेप आहे. ऑस्ट्रेलियाने एप्रिल १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर सुमारे साडेसहा लाख बंदुका परत घेतल्या, तेव्हा त्यासाठी आरोग्य करात तात्पुरती वाढ करून मालकांना पैसे दिले. न्यूझीलंडनेही ख्राइस्टचर्चच्या हत्याकांडानंतर २०१९ मध्ये मालकांना पैसे देऊनच बंदुका परत घेतल्या. आपल्याकडे आजोबांची दुनळी जमा करणाऱ्याला असा मोबदला मिळाला नाही. यावर जरूर भांडावं. पण ते भांडण भरपाईचं आहे. लोकशाही देश बंदुका परत घेऊ शकतात, आणि घेतल्यावर त्या देशांत हुकूमशाही आलेली नाही, हेच ती उदाहरणं दाखवतात.

अमेरिकेचा दाखला देणाऱ्यांनी तिथलंही एक प्रकरण नीट पाहावं. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांनी लोकांच्या घरांतून कायदेशीर बंदुका सरसकट काढून घेतल्या. त्यातल्या बऱ्याच परत मिळवायला मालकांना न्यायालयात जावं लागलं, आणि २००६ मध्ये तिथल्या संसदेने आपत्तीच्या काळात अशा जप्तीला मनाई करणारा कायदा केला. त्या घटनेतला खरा दोष कोणता? कारण न देता, माणूस न पाहता, परत कधी आणि कशी मिळणार हे न सांगता हत्यारं उचलणं. नेमका हाच दोष आपल्याकडच्या सरसकट आदेशात आहे, आणि तक्रारीतला जो मुद्दा खरा आहे असं मी सुरुवातीला म्हटलं, तो इथे येतो.

निवडणुकीत प्रत्येक परवानाधारकाने हत्यार जमा केलंच पाहिजे, असा नियमच नाही. २००९ मध्ये गोव्यातून मुंबई उच्च न्यायालयापुढे असाच एक सरसकट आदेश आव्हानासाठी आला होता. न्यायालयाने सरसकटपणाला नकार देऊन छाननीची पद्धत घालून दिली आणि त्याला धरून निवडणूक आयोगाने १ सप्टेंबर २००९ रोजी सूचना काढल्या. जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांची, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तालयाची छाननी समिती हवी. तिने कुणाची हत्यारं घ्यायची हे ठरवायचं, आणि मुख्यतः पाहायचं ते तीन प्रकारच्या लोकांकडे: जे जामिनावर सुटले आहेत, ज्यांच्यावर गुन्ह्यांचा इतिहास आहे, आणि जे दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळातल्या दंगलीत, सामील होते. ज्याचं हत्यार घ्यायचं त्याला वैयक्तिक नोटीस, जमा करताना पावती, आणि निकालानंतर आठवडा उलटताच परत. बँकांचे रक्षक आणि नेमबाजी संघटनेचे खेळाडू यांचा वेगळा विचार. मार्च २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानेही निवडणुकीच्या नावाखाली सरसकट जमा करायला लावण्याला पुन्हा नकार दिला.

पंधरा वर्षांहून जुनी ही पद्धत पाळली, तर ठाण्याला प्रत्येक परवान्याकडे बघावं लागतं. न पाळली, तर एक फोन पुरतो. म्हणून फोन केला जातो. छाननी करायला साधनं नाहीत असं म्हणायचीही सोय राहिलेली नाही. परवान्यांचा राष्ट्रीय डेटाबेस आहे, प्रत्येक परवान्याला विशिष्ट क्रमांक आहे, गुन्ह्यांच्या नोंदी संगणकावर आहेत. दोन याद्या एकमेकींशी ताडून पाहायच्या, एवढंच काम.

या आळसाची किंमत किती, हे २०२४ च्या तारखांवरून दिसतं. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, निकाल ४ जूनला. आठवडाभराची मुदत धरली तर ११ जून, म्हणजे जवळजवळ तीन महिने. विधानसभेसाठी १५ ऑक्टोबर ते २३ नोव्हेंबर आणि वर एक आठवडा. एकाच वर्षात सव्वाशेहून अधिक दिवस. त्यानंतर १५ जानेवारी २०२६ ला मुंबई महापालिकेचं मतदान झालं. अंधेरीतला परवानाधारक हे सोसू शकतो. त्याचं रिव्हॉल्व्हर बहुतेक दिवस कपाटातच असतं. पण याच उपनगरांतल्या किती तरी घरांचं दुसरं टोक सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आहे. तिथल्या शेतकऱ्याकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक असते. शस्त्र कायदा पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख करतो, तो याच माणसासाठी. त्याच्या भातात रानडुकरं घुसतात, बागेत माकडं उतरतात, आणि विधानसभेची निवडणूक नेमकी कापणीच्या सुमारास येते. त्याचं नाव ना जामिनाच्या यादीत, ना दंगलीच्या. त्याची बंदूक ठाण्यात ठेवून मतदान सुरक्षित होतं, असं कुणीही प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. नोटीस न देता, कारण न सांगता ती मागवणं हा त्याच्यावरचा खरा अन्याय आहे.

सरकारच्या बाजूने बोलणारे यावर म्हणतात, 'घेतल्या तर बिघडलं काय? चार महिने बंदूक नसली तर काय मरतं कोणी?' हा युक्तिवादही फेटाळायला हवा. सरकारला नागरिकाकडून काही काढून घ्यायचं असेल, मग ती बंदूक असो, पासपोर्ट असो की घर, तर कारण सांगण्याची जबाबदारी सरकारवर असते. 'तुमचं काय बिघडलं' हे उत्तर आज बंदुकीबद्दल चाललं की उद्या दुसऱ्या कशाबद्दलही चालतं.

शिवाय सरसकट जमा करण्याने सुरक्षेचा देखावा होतो. उल्हासनगर आणि बोरिवली, दोन्ही घटना आचारसंहिता लागण्याच्या महिनाभर आधीच्या आहेत. निवडणुकीतली जमा त्या रोखू शकलीच नसती. त्या रोखता आल्या असत्या तर वर्षभर चालणाऱ्या छाननीने. शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली परवाना देणारा अधिकारी परवाना कधीही निलंबित किंवा रद्द करू शकतो, कारण नोंदवून. परवानाधारकाला त्याविरुद्ध अपीलही करता येतं. हत्यार मोकाट राहणार नाही आणि कारणही लेखी राहील, असा हा कायद्याने दिलेला सरळ रस्ता आहे. पण परवाना देताना राजकीय शिफारस चालते तिथे तो रद्द करताना हात थरथरतात. बीडमध्ये काय झालं? डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली, राज्यभर संताप उसळला, आणि मग लोकांना कळलं की त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने आहेत. त्यानंतर फेरतपासणी सुरू झाली, परवाने रद्द होऊ लागले. देशमुखांचा जीव बंदुकीने गेला नव्हता. पण कमरेची बंदूक दाखवत फिरण्याची जी दहशत तिथे मुरली होती, तिला परवाना शासनानेच दिला होता. ही तपासणी हत्येच्या आधी करायला कायद्याने कुणी अडवलं होतं?

म्हणून परवानाधारकांच्या संघटना आणि त्यांच्या बाजूने बोलणारे, दोघांनाही माझं सांगणं असं की तुमची लढाई चुकीच्या मागणीसाठी चालली आहे. बंदुकीचा मूलभूत हक्क या देशात नाही, तो १९४८ मध्येच नाकारला गेला, आणि फेब्रुवारी २०२४ नंतर तो मागण्याचा नैतिक आधारही फारसा उरलेला नाही. त्याऐवजी जे तुमचं आहे ते मागा. पुढच्या निवडणुकीत पोलीस आयुक्तांनी जाहीर करावं: छाननी समितीने किती परवाने तपासले, किती जणांना नोटीस दिली, त्यातले जामिनावरचे किती, गुन्ह्यांचा इतिहास असलेले किती, दंगलीतले किती. ज्याला नोटीस नाही, त्याच्या घरी फोनही जाऊ नये. शेती संरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीला, मालकावर गुन्हा नसेल तर, जमा करण्यातून सूट मिळावी.

आणि जे तुम्हाला आवडणार नाही, तेही मागा. प्रत्येक ठाण्याने हद्दीत राहणाऱ्या, काम करणाऱ्या बाहेरच्या परवानाधारकांची वेगळी नोंदवही ठेवावी. वैयक्तिक परवान्याची बंदूक घेऊन दुसऱ्याच्या पगारावर उभा असलेला रक्षक दिसला, तर रक्षकाबरोबर त्याला ठेवणाऱ्याचीही चौकशी व्हावी. परवानाधारकावर किंवा त्याच्या मालकावर गंभीर गुन्हा नोंदला गेला की निवडणुकीची वाट न पाहता कलम १७ ची नोटीस निघावी. तुमच्यातला मुलुंडचा निवृत्त अधिकारी खरोखरच तुम्ही सांगता तितका सज्जन असेल, तर या मागण्यांनी त्याचं काहीच नुकसान होत नाही. नुकसान होईल ते भाड्याच्या बंदुकांचं, आणि आजवर त्या बंदुका तुमच्या सज्जनपणाच्या आडोशाला सुखरूप राहिल्या आहेत.

आपली बंदूक का घेतली, हे सरकारला विचारण्याचा हक्क प्रत्येक परवानाधारकाला आहे. त्या हक्कासाठी न्यायालयात जायची वेळ आली तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण ती बंदूक आपल्याकडे मुळात का आहे आणि आज नेमकी कुणाच्या हातात आहे, या प्रश्नांची उत्तरं देणं त्यालाही चुकणार नाही, आणि ती उत्तरं फक्त निवडणुकीपुरती पुरणार नाहीत.